एकतीस इंची चाकं आणि कलाबाईचे गुडघे

१४ ऑक्टोबर, सोमवार

प्रणालीने ही वही मला ब्लडप्रेशर लिहायला दिली आहे. रोज सकाळी मोजायचं, आकडा लिहायचा, महिन्याने नागपूरच्या डॉक्टरांना दाखवायचं. लेकीने प्रेमाने दिली आहे म्हणून लिहायला बसलो. आजचा आकडा मात्र लिहीत नाही. कालच्या प्रसंगानंतर तो किती असेल, हे मशीन न लावताही सांगता येतं.

काल प्रणालीचे सासू-सासरे काटोलहून संत्र्याचा बगीचा बघायला आले होते. मी म्हटलं, चला, आपली पिकअप फोर बाय फोर आहे, बगीच्यापर्यंत चपलेला माती लागणार नाही. आणि बरोबर नाल्यात गाडी रुतली. चारही चाकं जागच्या जागी फिरत होती आणि काळा चिखल खाली उतरलेल्या विहीणबाईंच्या साडीवर उडत होता. शेवटी माझ्या धाकट्या भावाचा मुलगा रोशन ट्रॅक्टर घेऊन आला. दोर बांधता बांधता म्हणतो, "मोठेबाबा, गाडी तं फोर बाय फोर होये न? मंग चारही चाकं मिळून काय करून राहिले होते?"

व्याही हसले. विहीणबाई हसल्या नाहीत, त्या साडीकडे बघत होत्या. माझी बायको कलाबाई माझ्या शेजारी बसली होती, तिने पदर तोंडाला लावला होता. धुळीमुळे लावला म्हणाली. चिखलात धूळ कुठून आली, हे मी विचारलं नाही.

चौतीस वर्षं वीज मंडळात लाइनमन होतो. भर वादळात खांबावर चढलो. आणि आता दीड फूट नाल्याने माझी इज्जत घालवली.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

दोन रात्री विचार केला. दोष ड्रायव्हरचा नाही, टायरचा आहे. कंपनीने दिलेले टायर डांबरी रस्त्याचे. आपल्या काळ्या मातीत ते म्हणजे लग्नाच्या बुटाने वखर मारणं. रोशनच्या मित्राच्या गाडीला एकतीस इंची चिखलाचे टायर आहेत, ती गाडी बांधावर चढते.

कलाबाईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "नाला वर्षात दोन महिने वला राहते. बाकीचे दहा महिने काय कराचं त्या टायरचं?"

बायकांना इंजिनियरिंग समजत नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

पांढुर्ण्याला हायवेवर नत्थूजींचं टायरचं दुकान आहे. माणूस जुना, हात साफ, पण शंका फार काढतो.

"भगवंतराव, एकतीस इंची टाकाचे असन तं गाडी उचला लागन. नाही तं वळणावर मडगार्डले घासन."

"उचला."

"स्प्रिंगच्या पाट्याखाली ठोकळे टाकले का चार इंच उंच होते मंग. स्टेरिंग बी भारी होईन."

"होऊ द्या."

"अन् चढाउतराचं पाहून घेजा. आपलं वय..."

मी त्यांना सांगितलं की नत्थूजी, मी तीस तीस फूट चढलेला माणूस आहे, तुम्ही मला चार इंच सांगून राहिले. ते जॅक लावायला गेले.

गाडी तयार झाली तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघितली. काय रुबाब! पोलीस खात्याची वाटत होती. घरी आल्यावर कलाबाईने ओवाळलं, नारळ फोडला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी पुढे घेतली. नेहमी लिंबं फुटतात, रस उडतो. या वेळी तीन फुटली, चौथं सापडलंच नाही. ते टायरच्या नक्षीत बसून गेलं होतं. चाकूने काढावं लागलं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

एक आश्चर्य लिहून ठेवतो. घरून जामसांवलीच्या मारुतीचं देऊळ मीटरवर नेहमी एकवीस किलोमीटर भरतं. आज गेलो तर पावणेएकोणीस भरलं. चांगल्या टायरने रस्तासुद्धा आखडतो! रोशनला सांगितलं तर म्हणतो, "मोठेबाबा, चाक मोठं झालं, एका फेऱ्यात जास्त जाते. मीटरले वाटते जुनंच चाक हाय. रस्ता तेवढाच हाय." दहावीला दोनदा बसलेला मुलगा मला गणित शिकवतो आहे.

गाडीत चढायची एक पद्धत आहे, ती मी बसवली. डावा हात दाराला, उजवा स्टेरिंगला, मग एक-दोन-तीन. दोनवर श्वास घ्यायचा. उतरताना उलट. यात वयाचा काही संबंध नाही, नवीन गाडीला प्रत्येकाला सवय करावी लागते.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

आज सकाळी अंगणात गाडीतून उतरलो आणि खाली बसून टायरची नक्षी बघितली. बराच वेळ बघितली. फार खोल नक्षी आहे. कलाबाई सूप घेऊन दारात उभी होती. तिने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, नक्षी पाहून राहिलो. ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, "बरं. पाहून झालं का चहा घ्यायले या," आणि आत गेली.

कोपर थोडं सोललं. रबराला धार असते, हे नत्थूजींनी सांगायला हवं होतं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

काय योगायोग आहे बघा. कलाबाईचे गुडघे दुखायला लागले! दोन्ही. परवापर्यंत ठणठणीत होती, विहिरीवरून दोन घागरी आणत होती. आज सकाळी म्हणाली, "मले काही तुमच्या गाडीत चढता येत नाही. माह्यासाठी एक पायदान लावून घ्या न जी. दोन्ही बाजूनं लावा, बरं दिसन."

दोन्ही बाजूंनी कशाला? ती तर एकाच बाजूने चढते. तिला समजावून सांगितलं की पायदान नाल्यात दगडाला अडकतं. म्हणजे चार इंच उचललेली गाडी पुन्हा चार इंच खाली आणण्यासारखं आहे. शिवाय लोक म्हणतील, भगवंतराव लाइनमनला चढायला पायरी लागते.

"लोकं माह्यं नाव घेतीन न. म्हाताऱ्या बाईसाठी लावली म्हणा."

मी नाही म्हटलं. तत्त्वाचा प्रश्न आहे.

मग तिने नारळ आणि रुईची माळ माझ्या हातात दिली आणि म्हणाली, जाऊन या तुम्हीच. रिटायर झाल्यापासून आठ वर्षं आम्ही दर शनिवारी जोडीने जामसांवलीला जातो. घरातलं जे काही ठरायचं ते याच रस्त्यावर ठरतं. प्रणालीचं स्थळ याच रस्त्यावर पक्कं झालं, बोअर कुठे मारायची तेही. जाताना ती बोलते, मी हो म्हणतो. येताना ती झोपते.

आज एकटा गेलो. दोन वेळा "हो" म्हणालो, मग लक्षात आलं की शेजारी नारळ आहे.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

काल अवकाळी पाऊस झाला. नाला भरला. मी याच दिवसाची वाट पाहत होतो! गाडी घातली, फोर बाय फोर टाकलं, आणि लोण्यातून सुरी जावी तशी पलीकडे. पाणी दोन्ही बाजूंनी कारंज्यासारखं उडालं. मी डावीकडे वळून म्हटलं, "पाह्यलं का?"

शेजारी कोणी नव्हतं.

म्हणून परत आलो आणि पुन्हा पार केला. तिसऱ्यांदाही केला. तिसऱ्या वेळी बांधावर रोशन उभा होता. मला वाटलं तोंडात बोट घालेल. तो म्हणतो, "मोठेबाबा, काही हरवलं का नाल्यात? अन् मोठी आई कुठं हाय?"

३ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली. प्रणाली आली होती, काल गेली. तिला मोटारसायकलवर बसून मोहगावला बाजार करावा लागला, कारण तिची आई गाडीत येईना आणि आईशिवाय तीही बसेना. जाताना मला म्हणाली, "बाबा, वहीत आकडे लिहून राहिले न?" मी हो म्हटलं. खोटं नाही, किलोमीटर लिहिले आहेत.

आईला म्हणाली, डॉक्टरांकडे चल, गुडघ्यांचा फोटो काढू. तर कलाबाई म्हणते, "माह्ये गुडघे फोटोत नाही दिसत."

आजकाल गाडी मी ओट्याला लावून उभी करतो. ओट्यावरून सरळ सीटवर पाय ठेवता येतो. सावलीसाठी लावतो. बगीच्यात दगडांच्या ढिगाजवळ लावतो, तिथेही सावली बरी असते. कलाबाई म्हणाली, "ढिगाजवळ तं ऊन राहते दिवसभर." तिला काय माहीत, ती तर येत नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज कलाबाई शेजारच्या सरलासोबत बसने जामसांवलीला गेली! मला सांगितलंसुद्धा नाही. मी देवळात पोचलो तर ही बाई रांगेत माझ्यापुढे सहा माणसं सोडून उभी.

मी तिच्याजवळ सरकून विचारलं, बसमध्ये कशी चढलीस? बसची पायरी तर माझ्या गाडीपेक्षा उंच.

"कंडक्टर हात देते जी," ती म्हणाली.

हे खरं आहे. बसमध्ये कंडक्टर असतो. पण मी हात दिला नसता का? मी तसं म्हणालोही. ती माझ्याकडे इतकं निरखून बघायला लागली की मला माझ्या शर्टाला काही लागलंय असं वाटलं. मग म्हणाली, "तुम्ही हात द्याल, पण तुमाले कोण देईन?"

मागून लोक पुढे ढकलत होते. गर्दीत माणूस काहीही बोलून जातो.

१३ नोव्हेंबर, बुधवार

करमत नाही. लिहून टाकतो, वही काही बोलत नाही.

ती रागावलेली असती तर समजलं असतं. रागावली की ती भाजीत मीठ कमी घालते, हे माझं चाळीस वर्षांचं निरीक्षण आहे. पण जेवण पहिल्यासारखंच आहे. परवा तर न सांगता पुरणपोळी केली. रात्री माझ्या कोपराला तेल लावते, विचारत काही नाही. फक्त गाडीत बसत नाही.

काल पांढुर्ण्याला संत्री घेऊन गेलो. येताना तिच्या सीटवर संत्र्यांची दोन रिकामी कॅरेट ठेवली, रिकामी सीट बरी दिसत नव्हती. कॅरेट वळणावर पडली. कलाबाई कधी पडली नाही आजवर.

२० नोव्हेंबर, बुधवार

रस्त्याकडच्या तुकड्यातली संत्री तोडून झाली, म्हणून त्या झाडांचं पाणी बंद केलं. ताण द्यावाच लागतो. महिना-दीड महिना झाड तहानलेलं ठेवलं की ते पानं उतरवतं, आणि मग पाणी सोडलं की अंगभर फुलतं. पण दरवर्षी हे करताना मला वाईट वाटतं. चांगल्या झाडाला उपाशी ठेवायचं म्हणजे काय!

कलाबाई बगीच्यात पायी आली होती. मी म्हटलं, थोडं पाणी देऊ का? बिचारं कोमेजून राहिलं.

"काही देऊ नका," ती म्हणाली. "थोडं कोमेजू द्या. कोमेजल्याबिगर वळणावर येत नाही. मलेही काही चांगलं नाही वाटून राहिलं. पण इलाज नाही."

हे ती झाडांकडे न बघता माझ्याकडे बघून बोलली. तिच्या चष्म्याचा नंबर बदलला असावा. प्रणालीला सांगायला हवं.

घरून बगीचा दीड किलोमीटर आहे, वाटेत चढ आहे. दुखऱ्या गुडघ्यांनी ती पायी येते आणि गाडीत बसत नाही. काय हट्ट!

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज मी हरलो. कसा ते लिहितो.

ती पुन्हा सरलासोबत बसने गेली. मी मुद्दाम उशिरा निघालो. दर्शन घेतलं, बाहेर आलो, तर बस निघाली होती. माझी गाडी बसच्या मागे लागली. या दोघी शेवटच्या सीटवर, मागच्या काचेला टेकून. कलाबाईचा निळा पदर दिसत होता. सरलाला काहीतरी सांगत होती, हात हलवून हलवून. शेंगदाणे खात होती. जे मला सांगायचं ते सगळं सरलाला मिळत होतं.

एकतीस इंची टायरची गाडी, समोर खटारा बस. मी कधीही पुढे काढू शकलो असतो. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून राहिले. मी पुढे काढली नाही. बस थांबली की मी थांबलो. चार थांबे थांबलो. तिसऱ्या थांब्यावर एक माणूस तर बस समजून माझ्याच गाडीत चढायला लागला. चढता आलं नाही, म्हणाला, "पायदान नाही का हो?"

सौंसर ओलांडल्यावर कलाबाईने मागे वळून पाहिलं. मी दिसलो. तिने काचेतून शेंगदाण्याची पुडी वर करून दाखवली, म्हणजे पाहिजे का, असं विचारलं. मी मान हलवली, पाहिजे. मग ती हसली आणि मग तिने तोंड फिरवलं. पदराने डोळे पुसले. या वेळी धुळीचं कारण तिने दिलं नाही, मीही शोधलं नाही.

घरापर्यंत मला एकच गोष्ट सुचत होती. मला ती सीटवर पाहिजे. नाला गेला खड्ड्यात.

२५ नोव्हेंबर, सोमवार

नत्थूजींकडे गेलो. म्हटलं, जुने टायर लावा, ठोकळे काढा. मला वाटलं हसतील. ते आत गेले आणि माझेच जुने चार टायर घेऊन आले, धुऊन पुसून ठेवलेले.

"विकले नाही तुम्ही?"

"वहिनीचा फोन आला होता न जी. विकू नका म्हणे, एका महिन्यात वापस येतीन. टायर लावले त्याच्या तिसऱ्याच दिवशी केला होता फोन, गुरुवारी."

कलाबाई आहेच काटकसरी. काही फेकू देत नाही, दह्याचे डबेसुद्धा. पण गुडघे दुखायच्या आधीच तिला हे कसं कळलं, याचा मी परत येताना सौंसरपर्यंत विचार केला. पुढे रस्ता खराब लागला.

मी नत्थूजींना स्पष्ट सांगितलं, आणि चहाच्या टपरीवर चार लोक होते त्यांनाही, की हे बायकोच्या गुडघ्यांसाठी करून राहिलो. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, असा नवरा पाहिजे. नत्थूजी मात्र खाली बघून नट पिळत होते.

३० नोव्हेंबर, शनिवार

बसली! पदर खोचून, एक हात दाराला, झटक्यात. बसल्या बसल्या बोलायला सुरुवात केली. सरलाच्या सुनेचं काय झालं, रोशनसाठी मुलगी कुठली पाहायची, प्रणालीच्या सासूला नवी साडी द्यायची की नाही. जामसांवलीपर्यंत मी अकरा वेळा "हो" म्हणालो. मीटरवर पुन्हा एकवीस किलोमीटर भरले. भरू देत, मला तर अजून दहा चालले असते.

देवळासमोर रोशन भेटला. चाकांकडे बघून तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हटलं, "तुझ्या मोठ्या आईचे गुडघे. काय करतो, टायर काढावे लागले."

रोशनने तिच्याकडे पाहिलं. ती लगेच गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "हो न रे बावा. माह्यापायी एवढी चांगली गाडी खाली करा लागली यायले."

मला तिची दया आली. सगळ्यांसमोर आपला कमीपणा कबूल करणं सोपं नसतं.

येताना ती झोपली. डोकं काचेवर आपटत होतं, म्हणून मी हळू चालवली.

३ डिसेंबर, मंगळवार

आज जे झालं ते प्रणालीला दाखवायचं नाही. हे पान मी डॉक्टरकडे जायच्या आधी फाडणार आहे. किंवा नाही फाडणार, बघू.

नाल्याकडच्या तुकड्यात शेवटची तोडणी चालू आहे. मी कॅरेट आणायला गेलो होतो, लवकर परतलो. गाडी नाल्याअलीकडेच ठेवली, पायी आलो. ओळीच्या टोकाला शिडी लावलेली होती आणि शिडीच्या सर्वांत वरच्या दांडीवर कलाबाई होती. एक पाय दांडीवर, दुसरा पाय फांदीत. अंग पुढे झोकून शेंड्याची संत्री तोडत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. मी चौतीस वर्षं लोकांना उंचावर चढताना पाहिलं आहे. असे गुडघे लाइनमनच्या भरतीत पहिल्या नंबरने पास होतात.

मी झाडाआड उभा राहिलो. पायदान, बस, नत्थूजींना केलेला फोन, "तुमाले कोण देईन", सगळं एकेक करून समोर आलं. त्या गुरुवारी दारात सूप घेऊन ती उभी होती. मी नक्षी बघत नव्हतो. पडलो होतो आणि मला उठता येत नव्हतं. तिने ते पाहिलं, आणि आपले चांगले गुडघे चारचौघांत खराब करून घेतले. महिनाभर चढ चढून पायी आली, मला गाडी खाली उतरवताना लाज वाटू नये म्हणून.

मला तिला हाक मारून सांगावंसं वाटलं की पकडली चोरी. मग वाटलं, नको.

मी आवाज न करता नाल्यापर्यंत मागे गेलो. गाडीचा हॉर्न दोनदा वाजवला, चांगला लांब. मग खोकत खोकत, सावकाश आलो. ती शिडीच्या पायथ्याशी जमिनीवर बसली होती. गुडघा चोळत होती. श्वास जरा फुलला होता.

"लय दुखून राहिलं का?" मी विचारलं.

"लय," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ खाली बसलो आणि गुडघा चोळून दिला. डावा आधी, मग उजवा. तिने एक संत्रं सोललं, अर्धं मला दिलं. बरंच ऊन वर आलं तेव्हा ती म्हणाली, चला, कॅरेट भराचे हायेत. ती आधी उठली आणि हात पुढे केला. आजूबाजूला तोडणीची माणसं होती, सगळी बघत होती.

मी तो हात धरला आणि उठलो.